व्हिडिओ गेममधील पायरसीविरोधी उपाय आणि प्रामाणिक ग्राहक : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

आपल्या निर्मितीची चोरी होऊ नये म्हणून निर्मात्याने खबरदारी घेणे यात गैर असे काही नाही. ग्रंथ, ध्वनिफिती आणि चित्रपट या सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न वेळोवेळी उपस्थित झाला आहे. मात्र मुद्रित ग्रंथाचे संरक्षण ग्रंथाच्या बाहेर असते. ते कायद्यात, न्यायालयात आणि पोलिसांच्या कारवाईत असते. वाचकाने विकत घेतलेले पुस्तक त्याच्या घरी गेल्यावर प्रकाशक त्याच्यामागे जात नाही. संगणकीय वस्तूंच्या बाबतीत ही स्थिती बदलली. येथे संरक्षणाची यंत्रणा विकलेल्या वस्तूच्या आतच बसवलेली असते आणि ती ग्राहकाच्या घरात, त्याच्या यंत्रावर, त्याच्या विजेवर काम करत राहते. या यंत्रणेला ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ किंवा संक्षेपाने ‘डीआरएम’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘डिजिटल कुलूप’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे.

आपल्याकडील विद्याक्षेत्रात व्हिडिओ गेमकडे मुलांची करमणूक म्हणून पाहण्याची वृत्ती आहे. त्यामुळे या क्षेत्रातील वादांची फारशी दखल घेतली जात नाही. वस्तुतः डिजिटल वस्तूच्या मालकीचा प्रश्न या क्षेत्रात जितक्या तीव्रतेने लढवला गेला, तितका तो अन्यत्र क्वचितच लढवला गेला असेल. ई-ग्रंथ आणि ई-नियतकालिके यांच्या वापराच्या अटीही त्याच दिशेने जात असल्याने हा विषय ग्रंथव्यवहाराशी संबंधित प्रत्येकाचा आहे.

पायरसीविरोधी उपायांचा भार प्रामाणिक ग्राहकावर अन्याय्य रीतीने पडतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. असे उपाय मुळातच अन्याय्य असतात, अशी येथे भूमिका नाही. ते अन्याय्य ठरतात तीन परिस्थितींत. पहिली, उपायात बिघाड झाल्यास त्याची जोखीम सर्वस्वी ग्राहकावर ढकलली जाते तेव्हा. दुसरी, उपायाचा हेतू संपल्यावरही तो चालू ठेवला जातो तेव्हा. तिसरी, खरेदीच्या वेळी त्याची स्पष्ट कल्पना दिली जात नाही तेव्हा.

डिजिटल कुलपाची वाटचाल

आरंभीच्या काळातील उपाय साधे होते. १९८५ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी निघालेल्या ‘एलिट’ या खेळासोबत ‘लेन्सलॉक’ नावाचे प्लॅस्टिकचे भिंग दिले जाई. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे उमटत. भिंगातून पाहिल्यावरच ती वाचता येत आणि ती टंकित केल्यावर खेळ सुरू होई. ज्यांच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा फार लहान किंवा फार मोठा होता, त्यांना भिंगाचा उपयोग होत नसे. काही खोक्यांत तर दुसऱ्याच खेळाचे भिंग गेले. म्हणजे पैसे मोजलेला ग्राहकच दाराबाहेर राहण्याचा प्रकार इतका जुना आहे.

१९९० नंतर खेळ सीडीवर येऊ लागले, तेव्हा सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स अशा यंत्रणा प्रचलित झाल्या. सीडी मूळ आहे की नक्कल, हे त्या तपासत. त्यांपैकी स्टारफोर्स संगणकाच्या कार्यप्रणालीत खोलवर स्वतःचा ड्रायव्हर बसवी. आपले सीडी-ड्राइव्ह बिघडले, अशा तक्रारी अनेक ग्राहकांनी केल्या. कंपनीने त्या अमान्य केल्या; तथापि युबिसॉफ्ट या मोठ्या प्रकाशकाने २००६ मध्ये स्टारफोर्सचा वापर थांबवला.

पुढचा टप्पा सक्रियीकरणाचा होय. सप्टेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने ‘स्पोर’ हा बहुचर्चित खेळ बाजारात आणला. विकत घेतलेली प्रत केवळ तीन वेळा सक्रिय करता येईल, अशी त्यात अट होती. संगणक बदलला किंवा त्यातील महत्त्वाचे भाग बदलले, तरी एक संधी खर्ची पडण्याचा संभव होता. ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एक-तारा अभिप्रायांचा पाऊस पाडला. अमेरिकेत सामूहिक दावाही दाखल झाला आणि कंपनीला मर्यादा पाचपर्यंत वाढवावी लागली. ज्या चोरीसाठी हा खटाटोप केला, ती मात्र टळली नाही. कुलूप काढलेली प्रत अमेरिकेतील अधिकृत प्रकाशनापूर्वीच फिरू लागली होती. टॉरंटफ्रीक या संकेतस्थळाच्या गणनेनुसार २००८ मध्ये सर्वाधिक बेकायदा डाउनलोड झालेला खेळ ‘स्पोर’च होता, ही संख्या सुमारे १७ लाख होती.

यानंतर अखंड इंटरनेट जोडणीची सक्ती आली. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ या खेळाच्या संगणक-आवृत्तीत, एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क चालू राहणे आवश्यक होते. संपर्क तुटला की खेळ थांबे. प्रकाशनानंतर काही दिवसांतच सर्व्हर बंद पडले आणि ग्राहक ताटकळले. सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानले तरी हल्ल्याची झळ कोणाला बसली, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या प्रतीतून कुलूप काढलेले होते, त्याला सर्व्हर चालू आहे की बंद, याच्याशी कर्तव्य नव्हते. जेथे जोडणी अस्थिर असते किंवा भारनियमनामुळे ती वारंवार तुटते, तेथे अशी अट म्हणजे खेळ न विकण्यासारखेच होते. २०१२ मध्ये ही सक्ती सोडून दिल्याचे कंपनीने जाहीर केले.

तरीही मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘सिमसिटी’त हाच मार्ग पत्करला. प्रकाशनाच्या आठवड्यात सर्व्हरवर एवढा ताण आला की, असंख्य ग्राहकांना खेळ सुरूच करता येईना. अ‍ॅमेझॉनने डाउनलोड-आवृत्तीची विक्री काही काळ थांबवली आणि कंपनीने भरपाई म्हणून एक खेळ मोफत देऊ केला. शहररचनेची आकडेमोड आपल्या सर्व्हरवर होत असल्याने जोडणी अपरिहार्य आहे, असे समर्थन तेव्हा केले गेले. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच खेळात जोडणीविना खेळण्याची सोय देण्यात आली. अपरिहार्यतेचा दावा कितपत खरा होता, हे त्यावरून दिसून येते.

२०१४ पासून ‘डेनुवो’ ही ऑस्ट्रियात विकसित झालेली यंत्रणा प्रचारात आली. कुलूप मोडण्याचे काम शक्य तितके लांबवणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. तिच्यामुळे खेळाचा वेग मंदावतो काय, याविषयी वाद आहे आणि कंपनी तो आरोप मान्य करत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र डेनुवोच्या सर्व्हरशी संपर्क होऊ न शकल्याने विकत घेतलेले अनेक खेळ काही तास सुरू होत नव्हते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

या वाटचालीत एक विरोधाभास सातत्याने आढळून येतो. चोरीची प्रत म्हणजे जिच्यातून कुलूप काढून टाकले आहे अशी प्रत. त्यामुळे एकदा कुलूप मोडले गेले की, ते फक्त त्याच व्यक्तीच्या प्रतीत उरते जिने पैसे मोजले आहेत. ज्याच्यासाठी उपाय केला, त्याला तो लागूच होत नाही. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

तीन उदाहरणे पुरेशी होतील. २००८ मध्ये ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ हा खेळ डाउनलोड करून विकत घेतलेल्या काही ग्राहकांना तो चालवता येईना, कारण दुरुस्तीनंतर खेळ सीडीची मागणी करू लागला आणि त्यांच्यापाशी सीडी असण्याचे कारण नव्हते. त्यावर युबिसॉफ्टकडून देण्यात आलेली फाइल एका पायरसी-गटाने तयार केलेलीच असल्याचे ग्राहकांच्या ध्यानात आले. प्रामाणिक ग्राहकाची अडचण सोडवण्यासाठी चोराची किल्ली वापरावी लागली.

दुसरे उदाहरण २०२१ मधील ‘रेसिडेंट एव्हिल व्हिलेज’चे आहे. या खेळाच्या अधिकृत संगणक-आवृत्तीत ठरावीक प्रसंगी चित्र अडखळे. कुलूप काढलेली प्रत निघाली, तेव्हा तिच्यात हा दोष नसल्याचे आढळले. खेळांची तांत्रिक परीक्षा करणाऱ्या ‘डिजिटल फाउंड्री’नेही त्यास दुजोरा दिला. त्यानंतर कॅपकॉम कंपनीने दुरुस्ती केली. येथे दोष डेनुवोचा नसून त्यावर चढवलेल्या कंपनीच्या स्वतःच्या संरक्षक थराचा असल्याचे दिसून आले. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने फरक एवढाच की, पैसे देऊन घेतलेली वस्तू फुकट मिळणाऱ्या वस्तूपेक्षा निकृष्ट होती.

तिसरे उदाहरण कमी चर्चिले गेले असले तरी अधिक बोलके आहे. २०१५ मध्ये विंडोज १० ही कार्यप्रणाली आली. तिने सेफडिस्क आणि सिक्युरॉमच्या जुन्या आवृत्त्यांना आधार दिला नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एका सुरक्षा-दुरुस्तीद्वारे विंडोजच्या त्यापूर्वीच्या काही आवृत्त्यांतही सेफडिस्कचा ड्रायव्हर बंद केला. कारण योग्यच होते. हा ड्रायव्हर संगणकाच्या सुरक्षिततेला धोकादायक होता. परिणाम असा झाला की, ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मूळ सीडी विकत घेऊन जपून ठेवल्या होत्या, त्यांचे असंख्य खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाले. सीडी शाबूत, खेळ शाबूत, केवळ कुलूप गंजले. अशा खेळांपैकी बऱ्याच खेळांच्या विक्रीचा काळ केव्हाच संपला होता. ज्या उत्पन्नाच्या रक्षणासाठी कुलूप लावले, ते उत्पन्न उरले नव्हते. कुलूप मात्र उरले होते.

निर्मात्यांची बाजू

एवढ्यावरून सर्व संरक्षण निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. एका मोठ्या खेळाच्या निर्मितीत शेकडो लोकांचे अनेक वर्षांचे श्रम असतात आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच जमा होतो. विल्यम वोल्कमन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डेनुवो वापरणाऱ्या ८६ खेळांचा विचार केला आहे. त्यानुसार प्रकाशनानंतर पहिल्याच आठवड्यात कुलूप मोडले गेल्यास उत्पन्नाचे सरासरी सुमारे २० टक्के नुकसान होते. ‘चोरणारा तसाही विकत घेणार नव्हता’ हा लोकप्रिय युक्तिवाद या आकड्यापुढे टिकत नाही.

परंतु त्याच अभ्यासाचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. सुमारे बारा आठवड्यांनंतर कुलूप मोडले गेल्यास उत्पन्नावर होणारा परिणाम नगण्य असतो. म्हणजे संरक्षणाची उपयुक्तता सुमारे तीन महिन्यांची आहे. ग्राहकावरील भार मात्र कायमचा आहे. न्याय-अन्यायाचा निवाडा या विषमतेच्या आधारेच करावा लागतो.

मुदत घालणे व्यवहार्य आहे, याचेही दाखले आहेत. मे २०१६ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळातील डेनुवो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढून टाकण्यात आले. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या समूहाने तर २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीओजी’ या विक्रीकेंद्रावर कुलूपविरहित खेळ विकण्याचे धोरणच स्वीकारले. त्यांचा ‘द विचर ३’ हा खेळ २०१५ मध्ये तेथे पहिल्या दिवसापासून कुलपाविना उपलब्ध होता. सर्व माध्यमे मिळून त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. एका यशावरून सर्वांसाठी नियम सांगता येत नाही. तथापि, कुलपाविना व्यवसाय बुडतोच, हे विधान त्यामुळे खोटे ठरते.

न्याय्य भाराचे निकष

येथे एक आक्षेप संभवतो. एस.टी.त प्रामाणिक प्रवाशालाही तपासनीसाला तिकीट दाखवावे लागते. फुकट्या प्रवाशांमुळे त्याला होणारा हा त्रासच आहे. पण त्यास कोणी अन्याय म्हणत नाही. मग खेळाच्या बाबतीतच तक्रार का?

आक्षेप विचार करण्याजोगा आहे आणि त्यातच उत्तरही दडलेले आहे. तिकीट दाखवण्यास क्षणभर लागतो. तपासनीस प्रवाशासोबत त्याच्या घरी येत नाही. प्रवास संपला की तिकिटाचे कामही संपते. आणि मुख्य म्हणजे तपासनीस गैरहजर असेल, तर प्रवाशाला गाडीतून उतरवले जात नाही. तपासणीच्या यंत्रणेतील उणिवेचा तोटा यंत्रणा लावणाऱ्यालाच होतो. डिजिटल कुलपाने हे गणित उलटे केले आहे. कंपनीचा सर्व्हर बंद पडला, कार्यप्रणाली बदलली किंवा कंपनीच बुडाली, तर खेळ बंद होतो तो पैसे दिलेल्या ग्राहकाचा.

यावरून तीन निकष हाती येतात. भार अल्प असावा, तो हेतूच्या मुदतीपुरता असावा आणि यंत्रणा अयशस्वी झाल्यास निर्णय ग्राहकाच्या बाजूने लागावा. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर खेळ चालू राहावा. संशयाचा फायदा आरोपीला देण्याचे तत्त्व आपण फौजदारी न्यायात मानतो. ज्याच्यावर आरोपही नाही, त्या ग्राहकाला तो नाकारण्याचे कारण दिसत नाही.

कायद्याची स्थिती

अमेरिकेतील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने कुलूप मोडण्याची कृतीच सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरवली. परंतु तेथे ठरावीक काळाने अपवाद जाहीर करण्याची सोय आहे. ज्या खेळांचे पडताळणी-सर्व्हर कंपनीने बंद केले आहेत, ते स्वतःपुरते खेळता यावेत म्हणून कुलूप काढण्यास २०१५ मध्ये मर्यादित मुभा देण्यात आली. हेतू संपल्यावर कुलूप राहू नये, या तत्त्वाला मिळालेली ही मान्यताच होय.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ समाविष्ट झाले. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी त्यात तरतूद आहे. ‘हेतू’ हा शब्द येथे कळीचा आहे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न ठरवलेल्या प्रयोजनासाठी केलेल्या कृतीला हेच कलम सूट देते. शिवाय कलम ५२ नुसार संगणकीय प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. म्हणजे स्वतःचा खेळ चालवण्यासाठी कुलूप काढणारा भारतीय ग्राहक आणि चोर यांत आपला कायदा भेद करतो. या दृष्टीने तो मूळ अमेरिकी तरतुदीपेक्षा अधिक समंजस आहे.

व्यवहारात मात्र हा भेद दुबळा ठरतो. कुलूप काढण्याचे ज्ञान सामान्य ग्राहकापाशी नसते. ते पायरसी करणाऱ्यांपाशी असते. आपल्या हक्काच्या वापरासाठी ग्राहकाने त्यांच्याच दारात जावे, अशी ही व्यवस्था आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आणि वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपुष्टात आणण्याची मुभा देणारी अट तिच्या कक्षेत येते. तथापि, अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. दोन-तीन हजार रुपयांच्या खेळासाठी एवढी पायपीट कोण करील?

मालकी की परवानगी

या प्रश्नाचा गाभा ‘विकत घेणे’ या क्रियापदाच्या अर्थात आहे. युबिसॉफ्टने २०१४ मध्ये विकलेला ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. जोडणीविना खेळण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्यालाही तो मुकावा लागला. येथे पायरसी हे एकमेव कारण नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पायरसीविरोधी उपायांनी रूढ केलेली सततच्या जोडणीची सवय येथे पूर्णत्वास गेलेली दिसते. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहक-चळवळ उभी राहिली. युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या नागरिक-मागणीवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमा झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आणला की, प्रत्यक्षात केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याविना विक्रेत्याने ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत. पूर्वसूचनेच्या निकषाला कायद्याचे रूप मिळण्याचा हा आरंभ होय.

हा प्रश्न खेळांपुरता नाही, हे जुलै २००९ मध्येच दिसून आले होते. विक्रेत्यापाशी हक्क नसल्याचे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीच्या प्रती ग्राहकांच्या किंडल-यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत केले आणि पुढे दिलगिरीही व्यक्त केली. परंतु विकलेले पुस्तक घरातून काढून नेता येते, हे सिद्ध झाले. आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही याचा विचार केला पाहिजे. छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली, तरी जुने अंक कपाटात राहतात. ई-नियतकालिकाच्या बाबतीत जुन्या अंकांचे काय होणार, हे कराराच्या अटींवर अवलंबून असते. त्या अटी स्वाक्षरीपूर्वी वाचल्या जातात काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथालय समितीने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रकाशनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायरसीमुळे निर्मात्याचे खरे नुकसान होते; त्या काळापुरते संरक्षण समर्थनीय आहे.

२. कुलूप एकदा मोडले गेले की, त्याचा भार केवळ पैसे दिलेल्या ग्राहकावर उरतो. त्यानंतरही ते कायम ठेवणे अन्याय्य होय. कुलूप काढण्याची मुदत विक्रीच्या वेळीच जाहीर व्हावी.

३. यंत्रणेतील बिघाड, सर्व्हरचा अंत किंवा कार्यप्रणालीतील बदल यांची जोखीम ज्याने कुलूप लावले त्याने सोसावी.

४. मालकी दिली जाते की परवाना, हे खरेदीपूर्वी सुबोध भाषेत सांगणे भारतातही बंधनकारक व्हावे आणि अल्प रकमेच्या अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता यावी.

कापडाच्या दुकानात वस्त्रांना लावलेली चोरीविरोधी चकती पैसे चुकते होताच विक्रेता स्वतः काढून देतो. ती तशीच ठेवून गिऱ्हाईकाला घरी पाठवले, तर ते दुकान फार काळ चालणार नाही. डिजिटल वस्तूंच्या विक्रेत्यांनी एवढेच सौजन्य दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.